ओव्हनमधली आगोट

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणाच्या बऱ्याच गोष्टी झाल्या. त्यातली सगळ्यात जास्त वास सुटलेली गोष्ट आधी सांगून टाकते. काल्हेरच्या नव्या फ्लॅटमध्ये मी पावसाळ्याची सगळी सुकी मासळी ओव्हनमध्ये साठवून ठेवली होती. बोंबील, सोडे, जवळा, सगळं. जुन्या लुगड्याच्या फडक्यांत नीट पुरचुंड्या बांधून. आणि वर महिनाभर स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. आज गुडघे धरून उठताना वाटतं, त्रेपन्न म्हणजे काय, पोरच की! पण त्या पोरीचा तोरा असा, की कुणी काही समजावायला लागलं की निम्म्यातच मान हलवायची. "कळलं, कळलं." तिला काय कळलं होतं ते तुम्हाला आता कळेलच.

आमचा फ्लॅट आमच्याच जमिनीवर उभा राहिला होता. आधी तिथं भाताची खाचरं होती, मग शेजारी गोदामं आली, ट्रक आले, आणि शेवटी इमारत आली. सातबाऱ्यावरून उठून आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. हे तोवर गेले होते. मी, मुलगा आणि सून, अशी तीन माणसं. मुलगा त्याच पट्ट्यातल्या एका गोदामात सुपरवायझर होता. सून दिघाशीची, शेतकऱ्याची लेक. ठाण्यात बेकरीचा कोर्स करून तिथंच एका बेकरीत दोन वर्षं काम केलेली. लग्नात तिनं दागिन्याचा हट्ट धरला नाही, शालूचा धरला नाही. फ्लॅट मिळणार असं ठरलं तेव्हा मात्र नवऱ्याला एवढंच म्हणाली, "स्वयंपाकघरात मला एक चांगला ओव्हन हवा. बाकी तुम्हाला हवं ते करा."

बाकी काय हवं ते ठरवायला ठाण्याहून एक डिझायनर आला. हातात लॅपटॉप, पायात मोजे. त्यानं आम्हाला पडद्यावर एक पांढरीशुभ्र खोली दाखवली. मी विचारलं, "हा दवाखाना कुठला?"

"काकी, हे तुमचं किचन!"

"मग भांडी कुठं गेली?"

"सगळी आत. हल्ली मिनिमल चालतं. जे दिसत नाही, ते सुंदर."

"माझ्या वयात जे दिसत नाही ते सापडत नाही," मी म्हटलं. सून खाली मान घालून हसली. डिझायनर हसला नाही. त्यानं माझं मसाल्यांचं मिसळणाचं पाळं, परात, विळी, पाटा अशी सगळी वरात यादीतून काढून टाकली. कपाटांना कड्या नाहीत, मुठी नाहीत. दाराला धक्का दिला की ते आपोआप पुढं यायचं. पहिल्या आठवड्यात मी वळले की कमरेचा धक्का लागून कुठलं ना कुठलं दार उघडायचं. घरात कुणी अदृश्य माणूस लपाछपी खेळतंय असं वाटायचं.

भिंतीत एक उंच कपाट होतं. त्यात छातीच्या उंचीला काळ्या काचेचं एक दार, आणि त्याच्या खाली तस्संच काळ्या काचेचं दुसरं. जुळं दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं. खालच्यात काचेची भांडी. वरचं दार म्हणजे ते मशीन. त्या माणसानं मला अगदी समोर उभं करून सांगितलं होतं, "काकी, हे एकच मशीन सगळं करतं. केक भाजेल, कोंबडी शेकेल, दूध गरम करेल. ओव्हन, ग्रिल, मायक्रोवेव्ह, एकाच पेटीत." मी मान हलवली. कळलं, कळलं. त्या वेळी माझ्या डोक्यात पाटा चालला होता. तो माळ्यावर टाकायचा की जावेला द्यायचा? आणि माळाच नव्हता!

त्यातून ते मशीन बसवलं, पण चालू झालं नाही. त्याला म्हणे वेगळी जाड लाईन लागते, आणि इमारतीचा विजेचा लोड वाढवून मिळायचा होता. महिना झाला, सव्वा महिना झाला. काळी काच ढिम्म. ना दिवा, ना आवाज, ना फिरवायचं बटण. काचेवर कंपनीचा निळा प्लास्टिकचा पापुद्रा होता. तोही मी सुनेला काढू दिला नाही. "राहू दे गो, नवं दिसतंय तोवर दिसू दे." आमच्याकडे खुर्च्यांचं प्लास्टिकसुद्धा आपोआप फाटेपर्यंत काढत नसत. सून बिचारी ओट्यावर जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन मांडून त्यात इमारतीतल्या पोरांच्या वाढदिवसाचे केक करायची. डिझायनरनं दाखवलेलं माझ्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. मी धरून बसले, ओव्हन म्हणजे तो गोल, ही काळी काच नाही. हे कपाट.

मग मे महिना आला आणि मी आगोटीला लागले.

आगोट म्हणजे आम्हा खाडीकाठच्या बायकांची पावसाळ्याची बेगमी. पाऊस लागला की होड्या बंद. मग चार महिने पुरेल इतकं सुकं, मसाला, वाल, चिंच सगळं आधी घरात भरून ठेवायचं. ज्या घरात आगोट नाही त्या घरची बाई आळशी, असा सरळ हिशेब. जुन्या घरात चुलीच्या वर आडवी काठी टांगलेली असायची. तिच्यावर बोंबलाच्या माळा. धुरानं त्यांना ना कीड लागायची ना बुरशी. नव्या घरात धूरच नव्हता, आणि नसलेला धूर ओढून घ्यायला एक स्टीलची चिमणी मात्र होती.

मी भिवंडीच्या बाजारातून दोन पिशव्या भरून सुकं आणलं, तर सून हळूच म्हणाली, "आई, मासळी आपण गच्चीवरच्या खोलीत ठेवू या का? घट्ट डब्यांत? इथं केकला वास लागतो हो. लोणी आणि अंडं वास लगेच धरतात."

झालं. माझ्या मासळीला वास? तिला स्वयंपाकघराबाहेर? सून दुपारी दुकानात गेली तशी मी जागा शोधायला लागले. एकेका दाराला धक्का देत देत त्या काळ्या काचेपाशी आले. धक्का दिला, उघडेना. कड ओढली, तर उघडलं. आत चकचकीत स्टील. दाराला भोवती रबर. मुंगीला शिरायला जागा नाही, दमट हवेला वाट नाही. आणि रिकामं! सुनेनं जाळ्या धुऊन आधीच खणात ठेवल्या होत्या. मी मनात त्या डिझायनरला पहिल्यांदा आशीर्वाद दिला. मासळीसाठी याहून चांगलं कपाट देवानंसुद्धा केलं नसतं. पुरचुंड्या रचल्या, दार लावलं. रबर इतकं पक्कं, की बाहेर वासाचा कण नाही.

संध्याकाळी सून विचारते, "आई, मासळी कुठं ठेवलीत?"

"ठेवली माझ्या जागेवर."

तिनं पुढं विचारलं नाही. तिला वाटलं, गच्चीवर.

आता एका बाईंबद्दल सांगते. अंजूरफाट्याच्या रस्त्याला गोदामांचं एक मोठं ऑफिस होतं. तिथलं कॅन्टीन त्या चालवायच्या. कॉम्प्युटरवर बसणारी शे-दीडशे तरुण माणसं, त्यांना चहाबरोबर केक, नानकटाई, खारी असलं काही लागायचं. माल ठाण्याच्या बेकरीतून यायचा, आणि ट्रकच्या रांगेत अडकून दुपार करून पोचायचा. म्हणून बाईंना जवळपास कुणीतरी हवं होतं. सुनेच्या हातचा केक त्यांनी कुणाच्या तरी वाढदिवसाला खाल्ला होता. त्यांनी निरोप धाडला, "नवा ओव्हन चालू झाला की कळव. मी घरी येऊन बघीन, चव घेईन, मग रोजचं ठरवू."

रोजचं! सून त्या दिवसापासून वेगळीच चालायला लागली. एका वहीत तिनं काय कधी करायचं त्याचा तक्ता आखला. गोल ओव्हनमध्ये एका वेळी एकच केक होतो, त्यावर रोजचं काम निभणार नव्हतं. सगळी भिस्त त्या काळ्या काचेवर.

जूनच्या पहिल्या मंगळवारी सकाळी इलेक्ट्रिशियन आला. "आंटी, लोड पास हो गया!" त्यानं कपाटामागं काहीतरी जोडलं आणि सुनेला दाखवलं, "देखो भाभी, घडी आ गई." तो गेला. मी बाहेरच्या खोलीत भिजवलेले वाल सोलत बसले होते. मला फक्त आवाज येत होते. बाई चार वाजता यायच्या होत्या. पावणेचारला सून आतून मोठ्यानं मशीनचं पुस्तक वाचत होती.

"आई, ऐकलंत का? लिहिलंय, पहिल्यांदा रिकामंच तापवायचं. कारखान्यातलं तेल जळून थोडा वास येईल, धूर येईल, घाबरू नका म्हणून."

"मला काय सांगतेस? माहीत हाय मला."

पाच मिनिटं गेली असतील. वास आला. खरपूस, खमंग. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मनात म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सोडे भाजायला घेतलेले दिसतात. मग वालाचा दाणा माझ्या बोटांतच राहिला. खालच्या वहिनी कांदासुद्धा खात नव्हत्या.

आतून सून म्हणाली, "आई, वास येतोय ना? घाबरू नका, नव्या मशीनचा आहे."

आणि मी काय म्हणाले असेन? मी, जिला त्या क्षणी सगळं कळलं होतं, अगदी कुठल्या पुरचुंडीतले सोडे पेटायला लागलेत ते सुद्धा?

"हां, असतो नव्याचा तसा," मी म्हणाले.

अजून आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. मी उठले ते मेन स्विच पाडायला. वीज गेली म्हणून सांगायचं, सुनेला काहीतरी आणायला धाडायचं, तेवढ्यात पुरचुंड्या काढायच्या. इतका सगळा डाव मी चार पावलांत रचला. पाचव्या पावलाला बेल वाजली. बाई दहा मिनिटं लवकर आल्या होत्या.

"अरे वा, घर काय मस्त आहे हो," असं म्हणत त्या आत आल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. "काय जळतंय?"

सुनेला आता राहवेना. तिनं ओव्हनचं दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला आणि त्याच्यामागून माझी आगोट. फडकी गाठीपाशी काळी पडलेली, जवळा सांडलेला, बोंबील भाजून नखासारखे वाकडे झालेले. तिघी तिथं उभ्या. चिमणी घरघर करतेय.

आणि मग मी जे बोलले ते त्या मासळीपेक्षा जास्त कुजकं होतं.

"अगो, तू मासळी इथं ठेवलीस?"

सुनेनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग हात लांबवून मशीन बंद केलं.

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "केक यातच करणार होतीस?"

"हो... म्हणजे आज पहिल्यांदाच चालू केलं."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी फोन करते तुला." त्या बसल्यासुद्धा नाहीत. पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला.

दार लागल्यावर सून म्हणाली, "आई, चिमटा द्या." तेवढंच. एकेक पुरचुंडी चिमट्यानं काढून तिनं पाण्याच्या बादलीत बुडवली. मी म्हणू शकले असते. घरात दोघीच होतो. पण जिभेला जणू त्या दाराचं रबर लागलं होतं.

संध्याकाळी मुलगा आला तो नाक धरूनच. "लिफ्टपर्यंत वास येतोय! काय झालं?"

मला वाटलं, आता सांगते ही. सांगू दे, सुटेन एकदाची. पण ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं. आत न बघता चालू केलं."

"आणि बाई?"

"गेल्या."

त्यानं बूट काढले. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे ना. उगाच जिवाला त्रास. आमच्याकडे ऑफिसात डेटा एन्ट्रीला जागा आहे, तुला कॉम्प्युटर येतो. साहेब परवाच विचारत होते. पुढच्या सोमवारपासून बस."

"शनिवारी सांगते," ती म्हणाली आणि वही मिटून खणात टाकली.

नोकरी वाईट नव्हती. एसीत बसायचं, महिन्याला पगार. पण त्या वहीत तिनं पेन्सिलीनं आखलेले उभे-आडवे रकाने मी पाहिले होते. एका बाईनं आयुष्यात एकच पेटी मागितली, आणि मी तिच्यात बोंबील भरले. वर ते तिच्याच माथी मारले. शनिवारपर्यंत चार दिवस होते.

पहिली गोष्ट म्हणजे तो वास. मासळीचा वास काढणं मला कुणी शिकवायला नको, जन्म त्यातच गेला. राख! पण चौथ्या मजल्यावर राख कुठून आणायची? नाक्यावरच्या रोटीवाल्याच्या भट्टीपाशी जाऊन उभी राहिले.

"अम्मा, राख का क्या करोगी?"

"दात घासेंगी."

त्यानं मोठ्या आदरानं कागदात बांधून दिली. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, खायच्या सोड्यानं पुसलं. कापड नाकाला लावलं, बोंबील हजर. मग डोकं चाललं आणि मी आत धुपाची वाटी ठेवून दार लावलं. तासाभरानं उघडलं, तर देवळात कुणीतरी बोंबील भाजल्यासारखा वास. सून हे सगळं ओट्यापलीकडून बघत होती. मला वाटत होतं तिनं हसावं. ती हसत नव्हती.

गुरुवारी दुपारी मी चष्मा लावून ते मशीनचं पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी पानं सोडून मागं हिंदी होती. चाळीस वर्षं भिवंडीच्या बाजारात हिंदीत भांडलेली बाई मी, वाचायला काय? पण भांडणाची हिंदी वेगळी आणि पुस्तकातली वेगळी. एक पान तीन-तीनदा वाचलं. त्या पेटीत तीन वेगळ्या चाली आहेत हे तेव्हा मला खरोखर कळलं. एकीत गरम वारा फिरतो, एकीत वरून आच लागते, आणि एकीत आग नसताना पाणी उकळतं. कुठल्या वेळी कुठलं भांडं चालतं, कुठलं चालत नाही, तेही वाचलं. गंमत वाटली. आमच्या चुलीलाही तीन चाली होत्याच की. वर तवा, मागच्या वैलावर दूध, निखाऱ्यात पुरलेलं वांगं. मी उगाचच त्या काळ्या काचेशी परक्यासारखी वागत होते. काचेवरचा निळा पापुद्रा मी त्याच दिवशी नखानं सोलून काढला.

मग मी स्टीलच्या वाटीत लिंबाच्या फोडी घालून बटण शोधत होते, तेवढ्यात सून शेजारी येऊन उभी राहिली.

"स्टील नको. त्या चालीवर काचेचं भांडं. आणि दहा मिनिटं ठेवा, मग लगेच उघडू नका. वाफ मुरू दे."

मंगळवारपासूनचं हे तिचं सगळ्यात लांब वाक्य. मी काचेचा वाडगा घेतला. लिंबाची वाफ आत दाटली, थेंब काचेवरून ओघळायला लागले. तीन वेळा तसं केलं. दर वेळी पुसलेलं फडकं तिच्या नाकापाशी धरायचं आणि तिनं मान हलवायची. नाही. नाही. शुक्रवारी सकाळी तिनं मान हलवायला जरा वेळ लावला.

"बघू या," ती म्हणाली. तिनं साधा केक केला. ना इसेन्स, ना कोको. "वास लपवायचा नाही, म्हणून काही घातलं नाही." पांढरं पीठ आत गेलं. दिवा लागला. आता काच स्वच्छ होती, आत सगळं दिसत होतं. केक फुगताना बघायला मी स्टूल घेऊन समोर बसले. तो कडेनं आधी उचलला, मग मध्ये वर आला, मग रंग धरला. मला वाटतं माझा मुलगा चालायला लागला तेव्हाही मी इतकी टक लावून बघितलं नव्हतं.

तिनं तुकडा तोडला, हुंगला, खाल्ला, उरलेला माझ्या हातात दिला.

"येतो?"

"न्हाय."

"खरं सांगा, आई."

"खरंच न्हाय गो. आईच्यान!"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. मी म्हटलं, "मग लाव की बाईंना फोन."

"कुठल्या तोंडानं लावू? त्यांना वाटतं, ओव्हनमध्ये मासळी ठेवणारी मुलगी आहे. मी असते तर मीही असल्या बाईकडून माल घेतला नसता."

तिनं टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं. उलटून बोलून मोकळी झाले असते.

शनिवारी सकाळी मी उरलेला अर्धा केक स्टीलच्या डब्यात भरला, नवी साडी नेसले आणि म्हटलं, "खारबावला बहिणीकडे जाऊन येते." जाता जाता एक खोटं अजून. सवयच लागली होती. शेअर रिक्षात तिघांच्या जागी चौथी होऊन बसले. डबा मांडीवर, दोन्ही बाजूंना ट्रकची चाकं. रिक्षावाल्याला म्हटलं, "हळू चल रे, आत केक हाय." तो म्हणाला, "माझी पण कंबर हाय, आजी."

आजी! तेव्हा मला त्याचा राग आला होता.

कॅन्टीनमध्ये चहाची वेळ. काउंटरवरचा माणूस ओरडला, "अम्मा, कूपन किधर है?"

"कूपन नहीं, बाईसाहेब किधर है?"

बाई आतून आल्या. डोक्याला टोपी, हाताला पीठ. मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला. "मावशी, मी फोन करणारच होते..."

"नव्हतात करणार. मला बसायला नको, उभ्यानंच सांगते. ती मासळी मी ठेवली होती. सुनेला ठाऊकही नव्हतं. तिनं तर मला केकला वास लागतो म्हणून आधी बजावलं होतं. मला ते कपाट वाटलं."

"कपाट?"

"काळ्या काचेचं. रबरवालं. मुंगी शिरत नाही."

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. पण त्या हसल्या नाहीत. "मग त्या दिवशी का नाही बोललात? समोरच उभ्या होतात की."

मी रिक्षात याचं उत्तर तयार केलं होतं. वय झालं, घाबरले, धूर डोळ्यांत गेला. त्यातलं एकही तोंडातून येईना.

"तिला कळलं असतं ना," मी म्हटलं, "की सासूला त्या मशीनमधलं काही कळत नाही. महिनाभर मान हलवत होते मी."

बाईंनी हाताचं पीठ फडक्याला पुसलं. मग म्हणाल्या, "डबा उघडा."

त्यांनी तुकडा घेतला. हुंगला, खाल्ला, अजून एक घेतला. काउंटरवरच्या माणसाला हाक मारली, "इधर आ. ये खा. किसका वास आता है क्या?"

त्यानं खाल्लं. "किसका, मॅडम?"

"कुछ भी."

"अंडे का थोडा. अच्छा है. और है क्या?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. डबा मात्र परत दिला नाही. "मावशी, तुम्ही निघा. आता ट्रक सुटतील, मग रिक्षा मिळायची नाही." होय नाही काही म्हणाल्या नाहीत. मी मोकळ्या हातांनी रस्त्यावर आले. येताना इतकं हलकं वाटेल असं ठरवून गेले होते, आणि वाटत होतं ते एवढंच, की हे मंगळवारी चार पावलांत झालं असतं.

घरी आले तेव्हा बारा वाजत आले होते. बेल वाजवायच्या आधीच सुनेनं दार उघडलं. मी चपला काढत बोलायला सुरुवात केली, "बहीण म्हणत होती..."

"राहू द्या," ती म्हणाली. "बाईंचा फोन येऊन गेला."

मी तिथंच दारात उभी. सून आत गेली, परात आणि चाळणी घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली:

"मला त्याच दिवशी ठाऊक होतं, आई. मी फक्त बघत होते, तुम्ही कधी बोलताय. राग आलाय मला, आणि तो अजून दोन दिवस राहील, तेवढा राहू द्या. ह्यांना कळवलंय, एन्ट्रीला दुसरं कुणी बघा म्हणून. सोमवारपासून रोज साडेनऊच्या आत माल पोचायला हवा, मी एकटी न्हाय पुरायची. तेव्हा पाय धुवा आणि मैदा चाळायला बसा."